खंडेनवमीचा बंब

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण मी माझ्या सगळ्या नोकरीत वर्गात एकदाही शिकवली नाही. पुस्तकात आली की पान उलटून पुढे जायचे. एकदा शाळा तपासायला आलेल्या बाईंनी विचारलं, ही म्हण का गाळली? मी म्हटलं, ही खोटी आहे. त्या हसल्या, त्यांना वाटलं मी गंमत करते. मला गंमत सुचत नव्हती. बंब काही आपल्या पायांनी सोमेश्वरला जात नाही. त्याला तिथे अडकवून ठेवणारा कुणीतरी खुर्चीत बसलेला असतो आणि म्हणीत त्याचा उल्लेख नसतो. पिढ्यानपिढ्या बदनाम होतो तो बंब आणि बंबावरचा माणूस.

माझे बाबा बऱ्हाणपुरात बंबावर ड्रायव्हर होते. गावात बंब एकच होता. लढाई संपल्यावर मोडीत निघालेली एक लष्करी लॉरी नगरपालिकेच्या कचेरीने घेतली, तिच्यावर पाण्याची टाकी बसवली, मागे पंप लावला, तांबडा रंग दिला आणि पुढे एक पितळी घंटा टांगली. झाला बंब. तो हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे आणि हँडल मारायचं तंत्र बाबांशिवाय कुणाला जमत नसे. दोन फायरमन होते हाताखाली, दोघेही दणकट, पण हँडलने त्यांना उलटा झटका दिला की आठ-आठ दिवस हात गळ्यात. बाबा मात्र बॉनेटवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत आणि एका हिसक्यात गाडी चालू करत. काय पुटपुटता, असं आई विचारायची, तर म्हणायचे, “तुले काय करायचं? तिचं न माझं हाये.”

त्यांचा एक नियम होता. टाकी कायम काठोकाठ भरलेली हवी. टाकीच्या अंगाला एक काचेची नळी होती, तिच्यात पाणी किती आहे ते दिसे. बाबा कामावर गेले की आधी त्या नळीकडे बघत, मग चप्पल काढत. आगीवरून परत येताना कितीही दमलेले असोत, आधी भंडाऱ्याच्या, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या झऱ्यांच्या, पाण्याच्या हौदावर जाऊन टाकी भरायची आणि मगच बंबखान्यात यायचं. “रिकामा बंब म्हणजे नुसती वाजंत्री,” असं ते म्हणत.

खंडेनवमीला बऱ्हाणपुरात घरोघर हत्यारांची पूजा होते. इतवारा पेठेत कुणी तराजू पुजतो, कुणी माग, कुणी कात्री. आमच्या घरात पुजण्यासारखं एक विळीच होती, म्हणून आमची पूजा बंबखान्यात. आदल्या दिवशी टाकी भरून ठेवायची, सकाळी दुसऱ्या पाण्याने गाडी धुवायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या सीमोल्लंघनापर्यंत पुजलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. विळी पुजली म्हणून आई त्या दिवशी भाजी हाताने मोडून करायची. बंबाचंही तसंच. आग लागली असती तर बाबांनी गाडी काढली असती की नाही, हा प्रश्न कधी आलाच नव्हता. त्या दिवशी आग लागत नाही, असं बाबांचं मत होतं. देवीला तेवढं कळतं, म्हणायचे. मी तेव्हा वीस वर्षांची, मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झालेले. मला हे सगळं भाबडं वाटायचं, पण वाटून काय, नैवेद्याचा डबा मीच पोचवायचे.

आता त्या वर्षाचं सांगते. आदल्या वर्षी प्रांतांची फाळणी आणि जोडणी झाली होती. जोडणी असं वर्तमानपत्रवाले म्हणत. आम्हाला जाणवलं ते एवढंच की कालपर्यंत ‘वर’ म्हणजे नागपूर होतं आणि आता ‘वर’ म्हणजे भोपाळ झालं. नागपूर दुसऱ्या प्रांतात गेलं, आम्ही या प्रांतात राहिलो. मामेभाऊ, आत्या, सोयरीक सगळी नागपूरकडे, म्हणजे बघता बघता परप्रांतात. त्याचंही चाललं असतं. माणसं रेल्वेत बसून जातातच. पण कागद रेल्वेत बसत नाहीत. नागपूरच्या काळातला एक जुना हुकूम होता, की आसपासच्या खेड्यात आग लागली तर बंबाने आधी जावं आणि मग कचेरीला कळवावं. नव्या प्रांतात तो हुकूम बाद झाला. नवा आला नाही.

आले ते नवे साहेब, प्रांताच्या पार दुसऱ्या टोकाकडून बदलून. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाबांना बोलावून सांगितलं की हद्दीबाहेर गाडी न्यायची तर लेखी हुकूम पाहिजे. बाबा म्हणाले, साहेब, आग काही नाक्यावर थांबून हद्द विचारत नाही. साहेब म्हणाले, ऊपर लिखा है, जवाब आने दो। बाबांनी तीनदा अर्ज दिला. तिन्ही अर्ज मीच लिहिले, माझ्या सर्वात चांगल्या हिंदीत. जवाब तिन्ही वेळा एकच, जवाब आने दो.

आणि हे ऐका. त्याच उन्हाळ्यात कुणी मोठे पाहुणे यायचे होते. नाक्याच्या पलीकडे, हद्दीच्या चांगले दोन मैल बाहेर, एका बागेत त्यांची जेवणाची व्यवस्था होती. रस्त्यावर धूळ फार. साहेबांनी तोंडी सांगितलं, बंब ले जाओ, छिड़काव कर दो. बाबांनी विचारलं, हुकूम? साहेब म्हणाले, अरे भाई, मैं कह रहा हूँ न. दोन दिवस गावाचा एकुलता एक बंब पाहुण्यांच्या मोटारीपुढे धूळ बसवत होता. तेव्हा हद्द कुणाला आठवली नाही. त्या दोन दिवसांत गावात आग लागली नाही हे गावाचं नशीब. माझ्या अंगाची आजही लाही होते ते आठवून. मुखी एक आणि पोटी एक, हे आम्ही ऐकून होतो. इथे तर एकाच तोंडात दोन कायदे.

मग खंडेनवमी आली. बाबांचा हिशेब असा की नेहमीप्रमाणे आदल्या संध्याकाळी टाकी भरायची. पण त्या दिवशी इतवाऱ्यात एका दुकानाच्या मागे कचरा पेटला, तिथे निम्मं पाणी गेलं आणि हौदाचा वाल्व्ह काहीतरी दुरुस्तीला बंद होता. सकाळी भरू, म्हणून बाबा गाडी घेऊन परत आले. सकाळी पूजा दहाला ठरलेली. साहेब मात्र साडेआठलाच हजर, बरोबर दोन पाहुणे आणि फोटोवाला. त्यांना आमच्याकडची ही पूजा बघायची होती. बाबा गाडी धुवत होते. घाईघाईने धोतर बदलून त्यांनी पूजा उरकली. साहेबांनी नारळ फोडला, फोटो निघाला. बाबांनीच हौसेने साहेबांना समजावून सांगितलं की आता उद्यापर्यंत ही गाडी हलवायची नाही, आमच्याकडे तशी पद्धत आहे. साहेब म्हणाले, बहुत अच्छी परंपरा है।

मी साडेबाराला डबा घेऊन गेले, तेव्हा माळ घातलेला बंब दारात उभा होता आणि काचेच्या नळीत पाणी मध्यावर होतं. मला दिसलं. मी म्हटलं, “बाबा, पाणी तं अर्धंच हाये.”

“हौ,” बाबा म्हणाले. त्यांना ते टोचत होतं हे मला दिसत होतं. हौद इथून चार गल्ल्या दूर, म्हणजे गाडी हलवावी लागणार. ते माळेकडे बघत होते आणि नळीकडे बघत होते. “पूजा झाली ना आता. भरून आणू का, काय म्हणते?”

“राहू द्या आता,” मी म्हटलं. “उद्या भरा. आज कुठं आग लागू राहिली?”

मी त्यांचंच मत थट्टेने त्यांना परत देत होते. ते हसले आणि जेवायला बसले.

पहिला घास तोंडात गेला नसेल, तोच माझ्या ताईचा दीर सायकलवर आला. ताई बहादरपूरला दिलेली, केळी-कपाशीचं घर. दीर घामाने निथळत होता, त्याला नीट बोलता येईना. “आग. गल्लीत आग लागली. कडब्याची गंजी पेटली, वारा हाये भलता.”

बाबा ताटावरून उठले. हात धुतले नाहीत. बंबासमोर उभे राहून त्यांनी दोन्ही हात जोडले, माळ काढली आणि डोक्याला लावून खुंटीला अडकवली. मला म्हणाले, “बाई, तू पय साहेबाकडे. चिठ्ठी माग. म्हण बहादरपूर जळू राहिलं. चिठ्ठी भेटली का मागून पाठव.”

“न् पाणी?”

त्यांनी काचेच्या नळीकडे बघितलं. हौदावर भरायला वीस मिनिटं. “गंजी वीस मिनिटं थांबत नाही,” म्हणाले आणि हँडल मारलं. एका हिसक्यात गाडी चालू झाली. दोन्ही फायरमन चढले, ताईचा दीर चढला, घंटा वाजली. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते, कारण खंडेनवमीला घंटा कुणी ऐकली नव्हती.

मी साहेबांच्या बंगल्यावर पळत गेले. साडी सावरत भर बाजारातून एक शिक्षिका पळते आहे, याची त्यानंतर महिनाभर चर्चा झाली म्हणे. साहेब जेवत होते. मला पडवीत उभं केलं. मी तिथूनच ओरडून सांगितलं. ते हात पुसत बाहेर आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आज नवमी है न? पूजा किया हुआ औज़ार हिलाया नहीं जाता। यह तो सुबह तुम्हारे ही पिताजी ने बताया।”

मला वाटलं ते गंमत करताहेत.

“और बहादरपुर हद के बाहर है। मैं कैसे लिख दूँ? ऊपर लिखा है, जवाब आने दो।”

मी म्हटलं, “साहब, वहाँ घर जल रहे हैं।” ते म्हणाले, “मुझे बहुत दुख है।” आणि आत गेले. भात निवत असणार.

त्या माणसाला मी नंतर कधी भेटले नाही, पण या जन्मात एवढा राग मला कुणाचा आला नाही. उन्हाळ्यात धूळ बसवायला तोंडी हुकूम चालतो, माणसं जळताना लेखी लागतो. आणि वर आमचीच पद्धत आमच्याच तोंडावर मारायची! जिच्यासाठी सकाळी फोटो काढून घेतला, तिचंच दुपारी कुलूप केलं.

मी टांगा करून बहादरपूरला गेले. चार-पाच मैलांचा रस्ता, टांगेवाल्याने घोडं दामटलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. पोचले तेव्हा मुख्य आग विझली होती. जे झालं ते फायरमननी सांगितलं, गावाने सांगितलं आणि उरलेलं माझ्या डोळ्यांना दिसत होतं.

पेटलेल्या गंजीच्या एका बाजूला भिंतीला भिंत लागलेली दहा घरं होती, वर गवत आणि कपाशीच्या वाळल्या पळाट्या. दुसऱ्या बाजूला गल्लीच्या टोकाला एकच घर, गोठ्यासकट, माझ्या ताईचं. टाकी भरलेली असती तर दोन्हीकडे पाणी पुरलं असतं. विहीर होती, पण गल्लीच्या मागे, आमचा पाणी ओढून घ्यायचा शोषनळा तिथवर पोचत नव्हता. बादल्यांनी लोक पाणी टाकत होते, ते वाफ होऊन जात होतं. बाबांनी गाडी गंजीपाशी उभी केली, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं. एका फायरमनला वाटलं ते आधी ताईच्या घराकडे नळी लावतील, त्याने ती तिकडे वळवलीही. बाबांनी त्याच्या हातातून नळी घेतली आणि दहा घरांकडे फिरवली. स्वतः धरली. पाणी संपेपर्यंत ते ताईच्या घराकडे पाठ करून उभे होते.

दहाही घरं वाचली. माणूस एकही गेला नाही, बैल आधीच सोडले होते. ताईचं घर पार बसलं. मी गेले तेव्हा ती लेकराला कडेवर घेऊन लिंबाखाली उभी होती, तोंड काळं झालेलं. बाबा तिच्यापासून थोड्या अंतरावर रिकाम्या नळीची गुंडाळी करत होते. मी ताईजवळ गेले. ती म्हणाली, “बाबांनी बरोबर केलं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पण एकदा मागे वळून पाह्यचं ना गं.”

दुसऱ्या दिवशी दसरा. सगळ्या कचेऱ्या बंद. दुपारी सीमोल्लंघनाला निघायची वेळ, आईने आपट्याची पानं ताटात ठेवलेली. ताई, भाऊजी आणि लेकरू आमच्याकडे बुधवाऱ्यात आलेले, होते त्या कपड्यांवर. दारात कचेरीचा शिपाई उभा राहिला. आमच्याच आळीतला माणूस. त्याच्या हातात पाकीट होतं आणि त्याला मान वर करता येईना. बाबांनी आधी त्याला आत घेतलं, सोनं दिलं, गळाभेट केली, आईने त्याच्या हातावर करंजी ठेवली. मग बाबांनी पाकीट घेतलं आणि माझ्याकडे दिलं.

कामावरून तूर्त दूर. चौकशी होईल. आरोप असा की लेखी आदेशाशिवाय हद्दीबाहेर जाऊन, स्वतःच्या मुलीचं घर वाचवण्याच्या खासगी कामासाठी सरकारी वाहन वापरलं.

मी तो कागद मोठ्याने वाचला आणि शेवटच्या ओळीला माझा आवाज फुटला, रडून नाही, संतापाने. ज्या मुलीचं घर वाचवलं म्हणे, ती मुलगी समोर दुसऱ्याची साडी नेसून बसली होती! आणि लेखी हुकूम! जो भर दुपारी जळत्या गावासाठी निघत नव्हता, तो दसऱ्याच्या सुट्टीत, चोवीस तासांत, सुवाच्य अक्षरात, सही-शिक्क्यानिशी निघाला. भोपाळहून जवाब यायची वाट कुणी बघितली नाही. म्हणजे लिहिता येत होतं. सगळं येत होतं.

संध्याकाळी बहादरपूरची माणसं आली. चालत, बैलगाडीने, त्या दहा घरांतली सगळी. त्यांनी ताटभर आपटा आणला होता. एकेक करून बाबांच्या हातात पान देत होते आणि पाया पडत होते. बाबा संकोचून पाय मागे घेत होते. मला वाटलं, आता हे लढतील. आता यांच्या पाठीशी गाव आहे.

चौकशीसाठी मी सहा पानी खुलासा लिहिला. पाहुण्यांच्या छिडकावाची तारीखवार हकीकत, तिन्ही अर्ज, पडवीतलं साहेबांचं बोलणं, दहा घरांच्या मालकांचे अंगठे. आजही म्हणते, इतकं चांगलं मी पुन्हा काही लिहिलं नाही. बाबांनी ते मला पूर्ण वाचायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवून दिलं. चौकशीत त्यांनी दोनच वाक्यं सांगितली. मी गेलो होतो. चूक झाली, माफी असावी.

मी त्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाही. कसली माफी? कुणाची? आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची ही कसली हौस? आईने समजूत काढली, तर तिच्यावरही ओरडले. निकाल व्हायचा तोच झाला. बाबांना बंबावरून काढलं आणि रस्त्यावर पाणी मारायच्या गाडीवर बसवलं. नोकरी संपेपर्यंत ते तेच करत राहिले. कुणी पाहुणा यायचा झाला की पुढे बाबा, धूळ बसवत. मी शाळेत जाताना ती गाडी दिसली की गल्ली बदलायचे. त्यांची लाज वाटायची म्हणून नव्हे, कचेरीच्या दारात जाऊन काहीतरी फेकून मारीन या भीतीने. नव्या ड्रायव्हरला हँडल कधी जमलं नाही. बंब ढकलून चालू करत.

ते निवृत्त झाल्यावर एका खंडेनवमीला आम्ही दोघंच ओसरीवर बसलो होतो. आई आत विळी पुजत होती. मी पुन्हा विषय काढला. वर्षानुवर्षं तोच विषय, त्यांनाही सवय झाली होती. म्हटलं, बाबा, एकदा सांगा. त्या सहा पानांत एक शब्द तरी खोटा होता का?

“नाही.”

“मग माफी कशाची मागितली?”

“गाडी अर्धी व्हती, बाई,” म्हणाले. “भरली असती तं ताईचं घर उभं राह्यतं. तुह्या सहा पानांत हे नव्हतं. साहेबाच्या कागदातबी नव्हतं. कुणी विचारलंच नाही मले. मग जे विचारलं त्याच्यातच माफी मागून टाकली.”

साहेबांवरचा माझा राग तेव्हाही कमी झाला नाही, आताही झालेला नाही. तो माणूस चुकीचाच होता, आणि ज्याने गाडी काढली त्याला त्याने शिक्षा केली. पण त्या ओसरीवर मला काचेची नळी दिसत होती, मध्यावर थांबलेलं पाणी, आणि माळेकडून माझ्याकडे वळून, भरून आणू का म्हणून मला विचारणारे बाबा. ‘राहू द्या आता’ हे माझं उत्तर त्यांनी त्या दिवशीही काढलं नाही, मरेपर्यंत कधीच काढलं नाही.

म्हणून ती म्हण मी वर्गात शिकवली नाही. एखाद्या मुलीने उठून विचारलं असतं, बाई, बंब सोमेश्वरी कुणी ठेवला? तर साहेबांवर बोट दाखवून मला सुटता आलं नसतं.